वॉर्निंग तर रोजच येतात

एप्रिलच्या सुरुवातीची गोष्ट. मंगळवारी दुपारी जेवणाचा डबा धुऊन जागेवर येऊन बसते न बसते, तोच लातूरहून फोन आला. आमचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या एका पतसंस्थेत सिस्टिम्सचं काम बघणारे एक गृहस्थ आहेत, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठे, बोलायला मऊ, आणि अडल्याशिवाय फोन न करणारे. मार्च एंड नुकताच आटोपला होता, आवाजात त्याचा थकवा होता. म्हणाले, "ताई, एक विचारायचं होतं. तुमचं ते पाच नंबरचं येतंय म्हणतात. त्यात आमचं काय मोडणार?" माझ्यासमोर स्क्रीनवर पाचव्या आवृत्तीच्या आखणीचीच शीट उघडी होती, आणि तीन वाजताच्या मीटिंगच्या आत तिच्यातल्या चाळीसेक ओळी भरायच्या होत्या. मी म्हटलं, "विशेष काही नाही, सर. जे बदलणार आहे त्याच्या वॉर्निंग वर्षभर येतायत तुमच्याकडे. त्या तेवढ्या बघून घ्या." पलीकडे जरा वेळ कुणी बोललं नाही. मागे कुठेतरी पासबुक छापायच्या प्रिंटरची कर्रकर्र ऐकू येत होती. मग ते म्हणाले, "वॉर्निंग तर रोजच येतात हो, ताई." तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. आमच्याकडे नळाला दहा दिवसांनी पाणी येतं, हे पाहुण्याला सांगावं तसं सांगितलं. "बरं, ठेवतो," म्हणाले आणि ठेवला.

विशेष काही नाही. हे मी कशाच्या जोरावर म्हणाले?

मीटिंग झाली, ओळी भरून झाल्या, घरी जाताना चांदणी चौकात नेहमीसारखी अडकले, आणि तेवढा वेळ तेच एक वाक्य डोक्यात फिरत राहिलं. शीटमध्ये चार रकाने आहेत: काय बदलणार, का, कुणाचं मोडणार, वॉर्निंग कधीपासून. तिसऱ्या रकान्यात बहुतेक ओळींपुढे मीच एक शब्द लिहून ठेवला होता, 'किरकोळ'. माझ्या बाजूने बघितलं तर तो खराच होता. आमच्याकडच्या सगळ्या फायलींचा हिशेब केला, तर त्या बदलांनी मोडणाऱ्या ओळी मूठभर निघतात. पण लातूरच्या सरांकडे साठ मशीन आहेत आणि ते एकटे आहेत. त्या मूठभर ओळींतल्या दहा त्यांच्याकडे निघाल्या, तर त्यांची रात्र किरकोळ कशी असेल?

आमच्या कामाला कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट म्हणतात. हे काय असतं असं आईने विचारलं होतं, तेव्हा मी तिला तिचंच वाक्य सांगितलं होतं. लहानपणी ती आम्हाला "दिवा लाव" असं कधी म्हणायची नाही. "तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लागलेला पाहिजे," म्हणायची. आमच्यातला जो कुणी आधी घरी येई, त्याने बघायचं. लागलेला असेल तर हात लावायचा नाही, तेल कमी असेल तर घालायचं, विझला असेल तर लावायचा. कितीदा बघितलं तरी शेवटी एकच: दिवा लागलेला. शेकडो सर्व्हरांच्या बाबतीत आमचं सॉफ्टवेअर हेच करतं. प्रत्येक मशीनवर एक एजंट असतो. दर अर्ध्या तासाने तो उठतो, ग्राहकाने फायलींत लिहून ठेवलेल्या यादीशी ताडून बघतो आणि जे जागेवर नाही तेवढंच जागेवर आणतो. १९९३ मध्ये ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी सीएफइंजिन लिहिलं, तेव्हापासून या शाखेचा गाभा हाच आहे. पुढे त्याच जातीची साधनं येत गेली: २००५ मध्ये पपेट, २००९ मध्ये शेफ, मग सॉल्ट आणि ॲन्सिबल. पपेटचं नाव ऐकून कळसूत्री बाहुली डोळ्यांपुढे येते, पण तिथे दोरी वरून कुणी ओढत नाही. बाहुलीच ठरल्या वेळी वर जाऊन विचारते, मी आता कशी असायला हवी? मला हे फार आवडतं. आमचं साधन या मंडळींच्या मानाने लहान, पुण्यातल्या पन्नासेक माणसांच्या कंपनीचं. पण बाहुली आमचीही तशीच विचारते.

आणि मोठी आवृत्ती काढायची म्हणजे नेमका तिचा हा प्रश्न समजून घेण्याची पद्धतच बदलायची.

शीटमधली एक ओळ इथे उलगडून सांगते, कारण पुढे सगळं तिच्याभोवतीच फिरलं. लिनक्समध्ये फाईल कुणी वाचायची आणि कुणी लिहायची, ही परवानगी आकड्यात लिहितात. ०६४४ म्हणजे मालकाने वाचावं-लिहावं, बाकीच्यांनी नुसतं वाचावं. हा आकडा आपल्या रोजच्या दहाच्या मोजणीतला नाही, आठच्या मोजणीतला आहे. आमचा जुना पार्सर, म्हणजे ग्राहकाच्या फायली वाचून त्यांचा अर्थ लावणारा भाग, याबाबत भलताच समजूतदार होता. कुणी ०६४४ लिहो, कुणी शून्य गाळून ६४४ लिहो, अवतरणचिन्हात लिहो की उघडं, तो ओळखून घ्यायचा. नव्या पार्सरला आकडा म्हणजे आकडा. त्याने उघडा ६४४ दहाच्या मोजणीतला धरला, तर आठच्या मोजणीत तो १२०४ होतो. म्हणजे मालकाला लिहिता येईल पण वाचता येणार नाही, गटाला काहीच नाही, आणि कुणाही परक्याला मात्र ती फाईल खुशाल वाचता येईल. घरमालक उंबऱ्याबाहेर आणि वाटसरू माजघरात. पतसंस्थेच्या सर्व्हरवर असं होऊन कसं चालेल? म्हणून आम्ही ठरवलं, परवानगीचा आकडा अवतरणचिन्हांशिवाय दिसला की नव्या आवृत्तीने पुढे जायचंच नाही, चूक दाखवून थांबायचं. पपेटनेही २०१५ मध्ये चौथ्या आवृत्तीपासून ही परवानगी अवतरणचिन्हांत लिहिणं सक्तीचं केलं, आणि ते योग्यच होतं असं माझं ठाम मत आहे. समजूतदारपणाने चालवून घेतलेल्या गोष्टी कधीतरी भलत्याच वेळी अंगावर येतात. तेव्हा निर्णयाबद्दल माझ्या मनात शंका नव्हती, आजही नाही. मला डाचत होता तो त्या ओळीपुढचा 'किरकोळ'.

आखणीत निम्मा वेळ तारखेवरच जातो, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत काढावं, तर बँका आणि पतसंस्था मार्च एंडच्या तोंडावर कशालाही हात लावू देत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. एप्रिलमध्ये ऑडिट. मे महिन्यात आमचीच निम्मी टीम गावाला. गणपतीत आमची कोकणातली मुलं नसतात, आणि पॅकेजिंगचं सगळं काम त्यांच्याच हातात आहे. दिवाळीआधी ऑनलाइन दुकानवाले नको म्हणतात, डिसेंबरात युरोपातले ग्राहक सगळं गोठवून सुट्टीवर जातात. गाळून-गाळून हाती राहतात ते जून-जुलैचे काही आठवडे आणि दिवाळी उलटल्यावरचे पंधरा दिवस. या वेळी आम्ही जुलै धरला होता, पालखी पुण्यातून पुढे गेली की मग. तारखेवर एवढी डोकेफोड केली, प्रत्येक गावचा सणवार आणि हिशेबाचा महिना बघितला, आणि त्या गावात खुर्चीवर बसलेल्या माणसाला त्या दिवशी काय दिसेल, एवढं मात्र एका शब्दात उरकून टाकलं.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी जुन्या गोष्टी उकरायला बसले, इतरांनी हे कसं केलं ते बघायला. पपेटच्या २.७ मध्ये एक जुनी सोय होती. एका ठिकाणी ठरवलेलं नाव दुसरीकडे आपोआप सापडायचं, पण ते नेमकं कुठून सापडलं याचा भरवसा नसायचा. २०१२ च्या तिसऱ्या आवृत्तीत ती काढून टाकली, पण त्याआधी २.७ वॉर्निंग देत राहिली. चौथ्या आवृत्तीची तयारी त्याहून पुढची. नवा पार्सर तिसऱ्याच मालिकेत ठेवला होता, 'फ्यूचर' या नावाने. सेटिंगमध्ये एक शब्द बदलला की उद्याचं आज चालवून बघता यायचं, आणि नको वाटलं तर परत फिरता यायचं. आणि चौथी आल्यावरही तिसरी २०१६ च्या अखेरीपर्यंत सांभाळली. ॲन्सिबलने २०२० मध्ये हजारो मॉड्यूल्स, म्हणजे एकेक काम करणारे छोटे भाग, मूळ घरातून काढून वेगवेगळ्या कलेक्शनमध्ये हलवली, तेव्हा जुन्या नावाने हाक मारली तरी नव्या पत्त्यावर पोचवायची व्यवस्था ठेवली. हे वाचताना मी हरखून गेले होते. बाहेरून यातलं काही दिसत नाही; दिसते ती नव्या सोयींची यादी. पण माझ्या लेखी या लोकांचं खरं कसब जुन्या दारापाशी नवा पत्ता लिहून ठेवण्यात आहे.

वाचता-वाचता बर्जेसच्या एका विचारापाशी थांबले. सीएफइंजिनच्या पुढच्या टप्प्यात त्यांनी सगळ्याची मांडणी वचनांवर केली. त्यांच्या सिद्धान्तात मूळ गोष्ट अशी की, वचन ज्याने-त्याने फक्त स्वतःच्या वागण्याबद्दल देता येतं, दुसऱ्याच्या वतीने नाही. फाईलीने काय व्हावं हे वरून लादता येत नाही. त्या मशीनवरचा एजंट तेवढं म्हणू शकतो की मी हिला अशी ठेवीन. यंत्रांसाठी लिहिलेली गोष्ट, पण मला सरांचा फोन आठवला. "त्या तेवढ्या बघून घ्या" म्हणताना मी त्यांच्या वतीने वचन देऊन मोकळी झाले होते. वॉर्निंग आम्ही छापू, वाचणार ते. आमची सगळी आखणी त्यांनी न दिलेल्या त्या वचनावर उभी होती.

माझ्या आजोबांचं वाईला किराणा दुकान होतं. पाटीवर 'घाऊक व किरकोळ' असं लिहिलेलं, आणि मला अक्षरं लागायला लागली तेव्हा मी वाचलेल्या पहिल्या काही शब्दांत तो 'किरकोळ' आहे. दुकानात गूळ, रॉकेल आणि गोणपाटाचा मिळून एक वास असायचा, तो आजही कुठे आला की पाय थबकतात. आजोबा एक गोष्ट पुन्हा-पुन्हा सांगायचे, १ एप्रिल १९५७ ची. त्या दिवशी देशात दशमान नाणी आली. तोवर रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पया. त्या दिवसापासून तोच रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. चार आणे म्हणजे पंचवीस नवे पैसे, आठ आणे म्हणजे पन्नास, इथवर सगळं सरळ होतं, जुनी पावली आणि नवी पंचवीसची एकमेकींच्या जागी बिनबोभाट चालल्या. पण एका आण्याचे सव्वासहा झाले, आणि एका जुन्या पैशाचे दीड आणि वर थोडे. "आणि माझं दुकान," आजोबा म्हणायचे, "चालायचं एकेका पैशावर." बाई यायची, पैशाची मोहरी द्या म्हणायची. तिच्या हातात आता नवी नाणी. दीडच्या वर काही तुकडा मागता येत नाही, म्हणजे तिने दोन द्यायचे. मधला तो अर्ध्या पैशाच्या आतबाहेरचा तुकडा कुणाचा? सरकारी कोष्टकात त्याचं उत्तर होतं, आणि कोष्टक दुकानात भिंतीवर डकवलेलंही होतं. ते वाचणारं गिऱ्हाईक मात्र दिवसाकाठी एखादंच.

आजोबांनी काय केलं, तर फेब्रुवारीपासून प्रत्येक नेहमीच्या गिऱ्हाइकाला माल बांधता-बांधता तोंडी सांगायला सुरुवात केली. सगळ्यांना सगळं नाही. जो जे नेतो, त्याला त्याचंच. मोहरीवाल्या बाईला मोहरीचं, विडीवाल्याला विडीचं. आणि तुकडा त्यांच्याकडे येत असेल तिथे पुडीत चिमूटभर माल जास्त घालायचे. वर्षभर त्यांनी खतावणीत दोन रकाने ठेवले, आणे-पै आणि नवे पैसे, शेजारी-शेजारी. ती वही मी पाहिलेली आहे. जांभळी शाई, आणि डावीकडचा रकाना पानागणिक बारीक होत गेलेला. सरकारनेही घाई केली नव्हती. जुनी-नवी नाणी काही वर्षं बरोबरीने चालली, आणि नाण्यावरच 'नया पैसा' लिहिलेलं होतं, शिवाय 'रुपये का सौवाँ भाग' असंही, म्हणजे हातात पडलेली वस्तू आपण कोण ते स्वतःच सांगत होती. तो 'नया' शब्द नाण्यावरून निघाला १९६४ मध्ये. सात वर्षं एक शब्द नुसता ओळख पटवायला उभा होता. आपल्या बोलण्यात तर अजूनही चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचाच मसाला लागतो.

आजोबांची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले, पण ती आपल्याच कामाची आहे हे कळायला लातूरचा फोन यावा लागला.

तसं तर हे मला आधीच कळायला हवं होतं. २०१४ च्या पावसाळ्यात मी हिंजवडीत एका कंपनीत सर्व्हर सांभाळण्याच्या कामावर होते. तिथलं साधन वेगळं होतं, आणि चूक त्या साधनाची नव्हती, माझी होती. मोठी आवृत्ती बदलायची होती. नियम असा की आधी मधला सर्व्हर बदलायचा, मग मशीनवरचे एजंट. सर्व्हर बदलला, नीट चालला. मग एजंटांना मी त्यांच्याच हातून नवीन व्हायला सांगितलं, म्हणजे एजंटच स्वतःचं पॅकेज बदलणार आणि स्वतःलाच पुन्हा सुरू करणार. या कामात याहून नाजूक जागा दुसरी नाही, कारण काही चुकलं तर ते दुरुस्त करणारा हात तोच असतो. रात्री साडेअकराला आज्ञा सोडली. बोर्डावर तीनशे बारा हिरवे ठिपके. मी मशीनचा वेलचीचा चहा आणला, काचेवर पाऊस वाजत होता, खाली वॉचमनने शिट्टी मारली. पंधरा मिनिटं झाली, ठिपके हिरवे. मी सोबतच्या मुलाला म्हटलंसुद्धा, झालं बहुतेक. हिरवे होते कारण त्यांची पुढची हजेरी अर्ध्या तासाने लागणार होती. बारा वाजायच्या सुमाराला पहिला ठिपका राखाडी झाला. मग दुसरा, मग पाच-सहा एकदम. ज्याचा-त्याचा अर्धा तास भरत गेला, तसा तो विझत गेला. आम्ही दोघं नुसते बघत उभे होतो. चहा तसाच गार झाला.

नव्या एजंटची सेटिंगची फाईल नव्या जागी असायला हवी होती. ती तिथे नव्हती, म्हणून तो सुरू होऊन निमूटपणे बंद होत होता. एकेका मशीनवर हाताने शिरून फाईल हलवायची आणि एजंट उठवायचा, असं सकाळी पावणेसातपर्यंत केलं. परतीच्या बसमध्ये मी रिलीज नोट्स उघडल्या. जागा बदलल्याची ओळ त्यात होती. स्पष्ट, ठळक, मधल्या कुठल्याशा पानावर. ती लिहिणाऱ्याने आपलं काम केलं होतं. तेव्हा मला स्वतःचाच राग आला होता, आणि तो योग्यच होता, वाचायला हवं होतं. पण आता मी त्या ओळीच्या पलीकडच्या बाजूला बसते, ओळ लिहिणाऱ्यांच्या बाजूला. आणि तिथून मी सरांना तेच सांगितलं जे तेव्हा मला कुणीतरी ऐकवलं असतं: लिहिलं होतं की.

बुधवारी सकाळी मी सरांनी गेल्या वर्षी एका तक्रारीसोबत पाठवलेले लॉग काढले आणि मोजायला बसले. त्यांच्या फायलींवर प्रत्येक फेरीत सतरा वॉर्निंग येत होत्या. अर्ध्या तासाने एक फेरी, म्हणजे दिवसाला अठ्ठेचाळीस. मशीन साठ. गुणाकार केला तर दिवसाला अठ्ठेचाळीस हजार नऊशे साठ ओळी. सांगायच्या गोष्टी सतराच. त्या आम्ही एका माणसाला रोज पन्नास हजारांच्या घरात सांगत होतो, वर्षभर. आणि त्या सतरांत अवतरणचिन्हाची महत्त्वाची ओळ आणि एका जुन्या नावाच्या स्पेलिंगची बिनमहत्त्वाची ओळ एकाच पिवळ्या रंगात, एकाच आवाजात. आजोबांनी मोहरीवाल्या बाईला दर अर्ध्या तासाने अख्खं कोष्टक वाचून दाखवलं असतं, तर तिने दुकान बदललं असतं. सर अजून आमच्याकडे आहेत, शांतपणे फोन करून विचारतात, हा त्यांचा मोठेपणा.

दुपारच्या मीटिंगमध्ये मी हा आकडा फळ्यावर लिहिला. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आमचा पार्सर लिहिणारा मुलगा बोलला, आणि तो जे बोलला तेही खरं होतं. गेली चार वर्षं तो जुना आणि नवा असे दोन पार्सर एकटा सांभाळतोय. प्रत्येक दुरुस्ती दोनदा. पायथन भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला, सेंटओएस या लिनक्सच्या सातव्या आवृत्तीचा ३० जून २०२४ ला, तरी आमच्या काही ग्राहकांच्या मशीन अजून त्यावर आहेत, आणि त्यांच्यापायी जुन्या एजंटात त्याला असलं काहीबाही जिवंत ठेवावं लागतं जे कुठल्याच नव्या मशीनवर नीट बांधता येत नाही. "मॅम, अजून किती थांबायचं?" त्याने विचारलं. त्याचे डोळे लाल झालेले होते, आदल्या रात्री तो त्याच कामात होता. मला लातूरच्या सरांची जेवढी काळजी होती तेवढीच या मुलाची वाटली, आणि दोघांची ओढ अगदी उलट दिशांना होती. जुनं किती दिवस चालू ठेवायचं याची किंमत कुणीतरी आपल्या झोपेतून देत असतं. मी तारीख पुढे ढकला म्हणायला आले होते, ते मी म्हणाले नाही.

शेवटी ठरलं ते मधलं. जुलै तसाच राहील. त्याआधी मे महिन्यात चौथ्या मालिकेतलीच एक लहान आवृत्ती काढायची. तिच्यात नवा पार्सर ग्राहकाच्याच फायली एकदा वाचून बघेल, कशालाही हात न लावता, आणि एकच यादी देईल: ही फाईल, ही ओळ, हे मोडणार. मोडणारं तेवढंच, बाकी काही नाही. रोजच्या वॉर्निंग बंद. आणि त्रेचाळीस ग्राहकांना त्रेचाळीस फोन. सेल्सच्या मुलांनी नाही, आम्ही करायचे, ज्यांनी ते मोडलंय त्यांनी. हे ठरताना एकाने विचारलं, फोनला किती तास जातील? मी अंदाज सांगितला. तो ऐकून मॅनेजरांनी पेन खाली ठेवलं, थोडा विचार केला, आणि "करा" म्हणाले. पार्सरवाला मुलगा काही बोलला नाही, पण संध्याकाळी त्यानेच त्या पाहणीच्या कमांडचा पहिला कच्चा नमुना मला पाठवला. मी शीट उघडली आणि तिसऱ्या रकान्यातला प्रत्येक 'किरकोळ' काढून तिथे ग्राहकांची नावं भरायला घेतली. काही ओळींपुढे एकच नाव आलं. एका ओळीपुढे एकोणतीस.

पहिला फोन मी लातूरला केला. मी म्हटलं, "सर, त्या दिवशी मी विशेष काही नाही म्हणाले, ते बरोबर नव्हतं. तुमच्याकडे मोडणार आहे. आता वेळ असेल तर दोघं मिळून बघू." ते म्हणाले, "थांबा, दार लावून येतो." स्क्रीन शेअर केली. यादीत अकरा जागा निघाल्या, सगळ्या परवानगीच्या आकड्यांच्या. मी इकडून बदलून पाठवू का म्हटलं, तर नको म्हणाले, मी घालतो, मला कळू दे. एका बोटाने टाइप करतात ते. कर्सर आकड्याच्या पुढे जाई, अवतरण पडे, मग आकड्याच्या मागे, दुसरं पडे. प्रत्येक वेळी ते पुटपुटत, "झालं." नवव्या जागेपाशी वर एक कॉमेंट होती, इंग्रजी अक्षरांत टाइप केलेलं मराठी: 'हात लावू नये, ऑडिटला लागते'. कर्सर तिथेच थांबला.

"हे कुणी लिहिलंय, सर?"

"माझ्या आधीचे होते ते. कोविडमध्ये गेले." बराच वेळ स्क्रीन हलली नाही. प्रिंटरचा आवाज आज नव्हता, दार लावलेलं होतं. मग त्यांनी विचारलं, "याला लावायचा का हात?"

"आकडा तोच राहणार, सर. नुसतं अवतरण."

त्यांनी अवतरण घातलं. मग त्या कॉमेंटच्या खाली एक ओळ वाढवली, तशीच इंग्रजी अक्षरांत, सावकाश. आधी तारीख, आणि पुढे: 'फक्त अवतरण घातले, आकडा तोच आहे'. एकदा वाचली, सेव्ह केली आणि म्हणाले, "चला ताई, दहावी."